पंधरा थेंब

इअरफोनच्या टोकाचं ते रबर, वाटाण्याएवढं, काळं, कडेला किंचित चिरलेलं… प्रार्थनानं ते ओढणीनं पुसलं, फुंकर मारली आणि पुन्हा डाव्या कानात बसवलं. तरी आवाज एकाच बाजूनं येत होता. उजव्या कानात सरावाच्या रेकॉर्डिंगमधली ती इंग्रज नर्स सावकाश, स्वच्छ बोलत होती. डावीकडे नुसता गोधडीखालून यावा तसा घुमारा. वायर गेली असेल. तिनं दोन्ही टोकं बदलून पाहिली, डावं उजव्या कानात, उजवं डाव्यात. नर्स पुन्हा उजवीकडूनच बोलू लागली. म्हणजे वायर शाबूत होती.

हे तिला आज कळलं असं नव्हतं. ठाऊक असलेल्या गोष्टीकडं पाहायचं नाही, हे तिनं वर्षभर निगुतीनं सांभाळलं होतं – आणि आता इंग्रजीची परीक्षा तीन आठवड्यांवर आलेली, आयर्लंडच्या हॉस्पिटलनं नर्स म्हणून मुलाखतीत पसंत केलेलं, मिरजगावच्या चर्चमध्ये पाळकांनी तिच्यासाठी नावानिशी प्रार्थनासुद्धा केलेली. तिनं उजव्या कानातलं टोक काढून ठेवलं आणि नुसत्या डाव्या कानानं रेकॉर्डिंग पुढं ऐकलं. पेशंटला रोज किती मिलिग्रॅम? तिनं रिकाम्या जागेत लिहिलं – पन्नास. मागच्या पानावरचं उत्तर होतं पंधरा. फिफ्टीन. पुन्हा ऐकलं, फिफ्टी. तिसऱ्यांदा ऐकलं, तरी फिफ्टीच. शेवटचा तो 'न' कुठंतरी गळून पडत होता, आणि उरलेलं तिचं मन आपोआप पुरं करून घेत होतं.

ओट्यावर पप्पा बसले होते. यशया मास्तर, चाळिशीतच कान गेलेले. वर्गात पोरं मुद्दाम चुकीची उत्तरं मोठ्यानं द्यायची आणि पप्पा मान डोलवत हसायचे, "शाब्बास!" चौथीत असताना तिनं ते दारातून पाहिलं होतं. ऐकू न आलेल्या माणसाचं ते हसू… समोरच्याला जे हवं असेल ते आधीच देऊन टाकणारं. त्या दिवशी तिला पप्पांची इतकी लाज वाटली होती की घरी येताना ती त्यांच्या पुढं पुढं चालत राहिली. आणि आता राउंडच्या वेळी डॉक्टर आपल्या डाव्या बाजूला उभे राहिले, की तेच हसू आपल्या ओठांवर कधी येऊन बसतं…

तिनं शब्दांची वही उघडली. पेशंट आपली तक्रार कशी सांगतील, त्याचे इंग्रजी शब्द आणि समोर तिच्या अक्षरातले अर्थ. डिझी – गरगरणे. नम्ब – बधिर. ब्रेथलेस – धाप लागणे.

धाप लागणे.

"लई दम लागतोय बाई." चार नंबरच्या कॉटवरची गोजरबाई. गेल्या शुक्रवारी, दुपारी. त्याच सकाळी डॉक्टरांचा फोन आला होता, प्रार्थनाच्या उजव्या हातात पेन, म्हणून फोन डाव्या कानाला. बाहेर कुणाचे तरी नातेवाईक भांडत होते. सलाईन कितीनं सोडायचं ते डॉक्टर सांगत होते. फिफ्टी ड्रॉप्स. पुढं आणखी काहीतरी बोलले, लांबलचक, काळजीच्या सुरात. ती "हो सर, हो सर" म्हणाली होती. मिनिटाला पन्नास थेंब. केसपेपरवर तिनंच लिहिलं, तिनंच घड्याळ लावून थेंब मोजले, चोख. संध्याकाळी गोजरबाईच्या छातीत घरघर सुरू झाली, आणि ॲम्ब्युलन्सनं तिला नगरला हलवलं. वय झालं होतं, असं सगळे म्हणाले. तीही म्हणाली.

पंधरा. हृदय कमजोर असलेल्या म्हातारीला डॉक्टर पंधराच सांगतील ना… हा प्रश्न तिनं पाच दिवस कुठं ठेवला होता?

"प्रार्थना! आगं कवाची हाका मारतीय," मम्मी दारात उभी होती, डाव्या अंगाला. "भाकरी गार व्हाया लागली." मग ती बघू लागली, लेकीच्या चेहऱ्याकडं नाही, कानाकडं. "तुला बी…?" एवढंच म्हणाली आणि वाक्य तसंच सोडून आत गेली.

प्रार्थनानं कर्जतला, आपल्या हॉस्पिटलात, सविता सिस्टरना फोन लावला. उजव्या कानाला.

"गोजरबाई कशा आहेत, सिस्टर?"

"मशीनवरच हायेत अजून." सविता सिस्टरचा आवाज खाली आला. "बरं झालं तूच केलास. सरांनी काल केसपेपर मागवला. म्हणाले, मी पंधरा सांगितलं होतं, हार्ट वीक आहे हे पण सांगितलं होतं. हे पन्नास कुणी लिहिलं?"

"मी लिहिलं. मला पन्नास ऐकू आलं."

"आसं फोनवर बोलू नको."

"सिस्टर, मला डाव्या कानानं…"

"गप बस! तुझं अनुभवाचं सर्टिफिकेट अजून त्यांच्या सहीचं राहिलंय. ऐक. मी सांगते त्यांना, लाईन तुटत हुती, मी तिथंच हुते. एवढ्यावर मिटंल. म्हातारीच्या घरचे काय केसपेपर वाचणार हायेत? तू फकस्त हो म्हण."

रस्त्यावरून उसाचा ट्रक गेला, भिंत हलली, आणि तरीही प्रार्थनाला सविता सिस्टरचा एकूण एक शब्द लागला होता. मागच्या खुर्चीची करकरसुद्धा. किती तरी महिन्यांत तिला एखादं बोलणं इतकं सबंध, कुठंही अंदाज न करता, मिळालं नव्हतं. तो शब्द तोंडात तयार होता. वर्षभराच्या सवयीचा, पप्पांकडून आलेला, जरा मान हलवली की सुटणारा…

"प्रार्थना? ऐकतेस ना?"

ती ऐकत होती. ओट्यावर पप्पा कुणाशी तरी हसून मान डोलवत होते. आणि त्यांना असं बघताना आज पहिल्यांदाच तिला लाज वाटली नाही, भीती वाटली – त्यांची नव्हे, त्या हसण्यात केवढं काय काय पुरून ठेवता येतं त्याची. फोन कानाशी धरून ती उभी राहिली. पलीकडं सविता सिस्टर श्वास रोखून वाट बघत होत्या, तेही तिला स्पष्ट ऐकू येत होतं.