रंग निमगोरा

माही माय काल सकाळपासून सापडून नाही राह्यली, अन् तिचा एक धड फोटो माह्यापाशी नाही. माह्यापाशी! धामणगाव बढ्यात पंधरा वर्षं झाले मी फोटो स्टुडिओ चालवून राह्यलो. आग लागो त्या स्टुडिओले.

वर्ष झालं, मायले काहीच ध्यानात राहत नाही. काल पिशवी उचलली अन् निघून गेली. आधार कार्ड त्याच पिशवीत. पोलीस म्हणाले, फोटो द्या, सगळ्या ग्रुपवर टाकतो.

फोटो होता एकच, माह्या बहिणीच्या, रेणुकाच्या लग्नातला. लग्नाचे फोटो उजळासाठी म्या कॉम्प्युटरवर स्वतःचा प्रीसेट बनवला हाये. एक टिचकी मारली का रंग उजळते, सुरकुत्या अन् डाग जातात. किती जोर लावायचा ते आपल्या हाती. नवरीले शंभर, पाहुण्यायले चाळीस, असं माहं ठरलेलं. मायले बी शंभर लावला. फोटोवाल्याची माय काळी दिसावी, हे मले पटत नव्हतं. हनुवटीवरचं गोंदण बी पुसल्या गेलं. अल्बम पाहून तिनं विचारलं होतं, "ही कोण बाई होय रे अश्वजित?" आम्ही सारे हासलो. तिची मस्करी वाटली आम्हाले.

काल तोच फोटो उघडून बसलो. शंभराचे साठ केले, वीस केले, शून्यावर आणलं. तरी गोरी ते गोरीच! कमी होणार कसं? मूळ फाईल म्याच जागा पाहिजे म्हणून उडवली, अन् हा फोटो रंग चढवूनच सेव्ह झालेला. मंग हातानं काळा रंग वाढवत गेलो. चेहरा राखेसारखा झाला. रेणुका मागंच उभी होती.

"बंद कर दादा!" ती किंचाळली. "मेलेली दिसते माय. काऊन पुसलं तिचं गोंदण? काऊन?"

म्या फाईल बंद केली. शेवटी गोराच फोटो घेऊन ठाण्यात गेलो. हवालदारानं विचारलं, ओळखीची खूण? हनुवटीवर गोंदण, म्या सांगितलं. रंग? फोटो समोरच होता. माह्या तोंडून निघालं, निमगोरा. जीभ झडली नाही माही.

आज दुपारी मोताळ्याच्या स्टँडवर एकेकाले फोन दाखवत फिरून राह्यलो होतो. एका कंडक्टरनं नुसती नजर टाकली.

"हा फोटो सकाळीच आला मले. माह्या गाडीत एक बुढी होती भाऊ, गोंदणवाली. म्हणून म्या मोबाईलवर हा फोटो उघडून तिच्या तोंडाशी ताडून बी पाह्यला. पण ती काळी होती. तुमची आई तर गोरी हाये."

"कुठी उतरली?"

"मलकापूरले. रेल्वे टेशन विचारत होती."

"कधी?"

"नऊ वाजले असतील."

घड्याळात दीड वाजला होता. तेवढ्यात किती गाड्या आल्या असतील, किती गेल्या असतील, नागपूरकडं का भुसावळकडं, कोणाले विचारू? म्या त्याच्या शर्टाले धरलं. सारं स्टँड पाहून राह्यलं होतं.

"काळीच हाये हो माही माय," मी ओरडलो. "काळीच हाये ती!"