दुसरी किल्ली

मी एक जुने लाल कुलूप आहे, मित्रांनो. पण माझ्यामागे कधी सोनेनाणे नव्हते, की साधे कपाटही नव्हते. चोराचिलटांशी माझा कधी संबंध आला नाही. भिंतीवरच्या एका विजेच्या खटक्याला लटकण्यात माझा जन्म गेला. आत माणूस असताना यंत्र कोणाला सुरू करू द्यायचे नाही, एवढेच माझे काम.

कुलपांच्या कारखान्यातून मी निघालो तेव्हा माझी कडी चकचकीत होती, रंग लालभडक होता आणि गळ्यात दोन जुळ्या किल्ल्या होत्या. त्यातली दुसरी पुढे काय दिवे लावणार हे मला तेव्हा ठाऊक असते, तरी मी काय करणार होतो म्हणा! कुलपाचे ऐकतो कोण?

मला विकत घेतले साबणाच्या कारखान्याच्या मालकीणबाईंनी. तिथे साबण कालवायचे भलेमोठे लोखंडी पिंप होते आणि त्याच्या पोटात फावड्याएवढी पाती फिरत. साबणाचा रंग बदलायचा झाला, की मामा शिडीने वर चढून पिंपात उतरत आणि पाती खरवडून काढत. हे मामा साऱ्या कारखान्याचेच मामा. उतरण्याआधी त्यांनी खटक्याचा दांडा खाली ओढून यंत्राची वीज तोडायची, दांड्याच्या भोकात मला अडकवायचे आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकायची, असा नियम होता. पिंपात वाळक्या साबणाची भुकटी उडे आणि मामांना शिंका येत. त्यांची शिंक साधीसुधी नसे, छपराचे पत्रे हादरत.

कारखान्याचे सुपरवायझर म्हणजे मामांचे सख्खे जावई. घरी मामा त्यांना आग्रह करकरून वाढत आणि कारखान्यात जावई मामांना कामाला जुंपत. दोघांचे बरे चालले होते.

दारातला नियमांचा फलक मात्र मारुतीच्या शेपटासारखा वाढत चालला होता. कठडा धरून चाला, वाटेत पाणी सांडू नका, टोपी घाला, केस बांधा. माझाही नियम त्यात होता, पण पार तळाशी, पहारेकऱ्याच्या खुर्चीमागे. कोणाचे बोट खरचटले तरी मालकीणबाई सगळ्यांना बोलावून बैठक घेत. पिंपात माणूस उतरतो याबद्दल बैठक कधी झाली नाही, कारण तिथे कधी काही झालेच नव्हते. तपासणीला पाहुणे आले की मात्र मला रुमालाने पुसत. "वा, कुलूपसुद्धा लावता!" असे कोणी म्हणाले की मी फुगत असे.

आता दुसऱ्या किल्लीचे ऐका. अडीनडीला असावी म्हणून ती सुपरवायझरच्या खोलीत खिळ्याला टांगली होती. अडीनड हळूहळू दर आठवड्याला येऊ लागली. मामा पडले विसरभोळे. काम संपले की मला तसेच लटकत ठेवून जेवायला जात. मग जावई दुसरी किल्ली आणत, मला उघडत आणि यंत्र सुरू करत. त्याआधी ते शिडीच्या पायथ्याशी एक नजर टाकत. मामा पिंपात उतरताना चपला तिथे काढून ठेवत. चपला आहेत, म्हणजे मामा आत. चपला नाहीत, म्हणजे मामा बाहेर. हा नियम कुठल्याही फलकावर नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता. खरे सांगायचे तर मामांना इतकी वर्षे त्या झिजक्या चपलांनी सांभाळले. फुगत होतो मी, एवढेच.

पुढे फलकावर नवा नियम आला, बूट सक्तीचे. नियम चांगलाच होता. पायावर काही जड पडले तर बोटे वाचतात. जावयांनी स्वतः बूट वाटले.

"मामा, उद्यापासून चपला दिसल्या तर आत घेणार नाही हं."

"अहो जावईबापू, चपलेत पाय कसा मोकळा राहतो."

"तो घरी राहू दे मोकळा."

मामांनी मुकाट्याने बूट चढवले आणि ते बुटांसकट पिंपात उतरू लागले. शिडीच्या पायथ्याची खूण गेली, हे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

त्याच आठवड्यात पिवळ्या साबणानंतर पांढरा साबण घ्यायचा होता. फाटकात मालाची गाडी उभी होती आणि मालकीणबाईंचे फोनवर फोन येत होते. जेवणाची घंटा झाली, पण मामा बाहेर आले नाहीत. पात्यांना अजून पिवळा थर होता, आणि जावयाला बोलणी बसू नयेत म्हणून ते खरवडतच राहिले.

जावई धावत आले. "मामा गेले का जेवायला?" त्यांनी पॅकिंगच्या ताईंना विचारले.

ताईंनी सवयीने शिडीकडे पाहिले. "गेलेच असतील की. चपला कुठायत त्यांच्या?"

जावयांनीही पाहिले. चपला नव्हत्या. "आणि कुलूप विसरले, नेहमीसारखं!" असे म्हणत ते दुसरी किल्ली घेऊन आले.

मित्रांनो, मला तोंड असते तर मी बोंब ठोकली असती. पण कुलपाला किल्ली ओळखता येते, माणूस ओळखता येत नाही. किल्ली बरोबर होती. मी उघडलो. जावयांनी मला खुंटीला अडकवले, दांडा वर केला आणि हिरव्या बटणावर बोट ठेवले.

तेवढ्यात पिंपात मामा शिंकले.

जावयांनी बोट झटकन मागे घेतले. त्यांनी दांडा खाली ओढला आणि तो दोन्ही हातांनी धरून ठेवला. थोड्या वेळाने मामा शिडीवरून उतरले. अंगभर पिवळी भुकटी होती. त्यांना मी खुंटीला उघडा लटकलेला दिसलो. त्यांनी आपला खिसा चाचपला.

"जावईबापू, किल्ली तर माझ्याकडे आहे. मग कुलूप कुणी उघडलं?"

जावयांनी दुसरी किल्ली पुढे केली. त्यांना रडू फुटले होते, आणि मामांनी भुकटीने माखलेला हात तसाच त्यांच्या खांद्यावर ठेवला. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. माणसाचा जीव माझ्या भरवशावर होता आणि तो वाचवला एका शिंकेने.

मालकीणबाई आल्या, त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "फलकावर मोठ्या अक्षरांत लिहा, दुसरी किल्ली वापरू नये."

"नको मॅडम," जावई म्हणाले. "नियम मला पाठ होता. घाई झाली की मी तो परत मोडेन. ती किल्लीच नको."

"आणि मामा त्यांची किल्ली घेऊन घरी गेले तर?"

"तर यंत्र बंद राहील."

मालकीणबाईंनी फाटकातल्या गाडीकडे पाहिले. मग म्हणाल्या, "राहू दे बंद." त्याच दिवशी दुसऱ्या किल्लीचे करवतीने दोन तुकडे झाले. जुळ्यातली एक गेली, तरी मला वाईट वाटले नाही. फलकही उतरवून नव्याने लिहिला. ज्याने जीव जाऊ शकतो ते वर आणि बाकीचे खाली.

मामा अर्थातच एकदा किल्ली खिशात घालून घरी गेले. गाडी फाटकात खोळंबली आणि मी खटक्यावर घट्ट बसून राहिलो. जावई सायकल मारत सासुरवाडीला पोचले. पुढचे मामाच बायकोकडून ऐकून सगळ्यांना हसत हसत सांगतात.

"अगंबाई, जावई! बसा, चहा टाकते," सासूबाई म्हणाल्या.

"चहा नको, मामी. मामा कुठायत?"

"झोपलेत आत."

जावई आत गेले. आधी त्यांनी झोपलेल्या मामांकडे डोळे भरून पाहिले, आणि मग किल्ली मागितली.

आता माझा रंग उडाला आहे आणि कडीवर गंज चढू लागला आहे. मामा अजून बुटांनिशीच पिंपात उतरतात. पण घरून जुन्या चपला पिशवीतून आणतात आणि शिडीच्या पायथ्याशी मांडून ठेवतात. मला त्यांचा हेवा वाटत नाही. मी आणि त्या दोन चपला, असे आम्ही तिघे मिळून मामांना सांभाळतो.

मित्रांनो, मोठे व्हाल, कुठल्या ना कुठल्या कारखान्यात जाल, कदाचित तुम्हीच तिथे नियम लिहाल. एखाद्या खटक्यावर माझ्यासारखे कुलूप दिसले आणि तुम्हाला फार घाई असली, तर त्याची दुसरी किल्ली शोधू नका. पहिली किल्ली कोणाच्या खिशात आहे, तो माणूस शोधा.