बोटीत हरवलेलं आडनाव

मॉरिशसहून बेळगावला फिजिओथेरपी शिकायला निघालेल्या तेजस्वी सुकाजीला बाकी कशाची नसली तरी एका गोष्टीची पक्की खात्री होती. भाषेची अडचण येणार नाही. घरात पाच पिढ्या मराठी जपली होती, आणि शाळेत मराठी निबंधाला तिला दोनदा बक्षीस मिळालं होतं.

पहिल्याच सकाळी त्या खात्रीला तडा गेला. शहापुरात जयाबाईंच्या माडीवरची खोली तिला भाड्यानं मिळाली होती. खाली साड्यांचे दोन माग दिवसभर खडखडत आणि वर तिची खाट त्या तालावर हलत असे. जयाबाईंनी जिन्यातून हाक मारून विचारलं, "काय करालीस गं?"

तेजस्वीनं नीट विचार करून उत्तर दिलं, "शिक्षण पूर्ण झाल्यावर मी रुग्णांची सेवा करीन."

जयाबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. "आत्ता काय करालीस म्हणून विचारलं बाई. च्या ठेवलाय, ये खाली."

खडेबाजारात त्याहून वाईट झालं. "कृपया मला एक कंगवा दाखवता का?" असं तिनं म्हणताच दुकानदारानं उठून शर्टाची गुंडी लावली. "मॅडम, लायसन रिन्यूला दिलंय. सोमवारी मिळतंय म्हणालेत." कंगवा मिळाला, वर थंडगार सरबतही मिळालं. दुकानदारानं आपल्याला तपासणीला आलेली अधिकारी समजून ते पाजलं, हे तिला खोलीवर आल्यावर कळलं.

तरी गाव बघायची तिची हौस काही फिटेना. बसस्टँडवर पाट्या सगळ्या कन्नडमध्ये. तिला एक अक्षर लागेना. पण प्रत्येक बसच्या दारात कंडक्टर एकच ओरडत होता, "हत्तरी, हत्तरी!" ज्या गावाला इतक्या बस जातात ते गाव बघण्यासारखं असणार. तिनं घरी येऊन जयाबाईंना विचारलं, "हत्तरी नावाचे गाव कोठे आहे?"

मागाच्या खडखडाटात जयाबाईंना हत्तरगी ऐकू आलं. "हाय की! हायवेला. मोठा टोलनाका हाय तितं!"

झालं. शुक्रवारी कॉलेजला सुट्टी होती. तेजस्वी टोपी घालून, पाण्याची बाटली घेऊन पहिल्या दिसलेल्या बसमध्ये चढली. कंडक्टर यमनाप्पा तिकिटं फाडत आला.

"एक हत्तरी द्या," ती म्हणाली.

यमनाप्पाचा हात यंत्रावरच थांबला. "चढलासा न्हवं मॅडम? आता उतरायचं कुठं त्ये सांगा."

"हत्तरी."

"अहो, हत्तरी म्हंजे चढा! कन्नडात चढा!"

अख्खी बस हसली. तेजस्वीचे कान तापले. शक्य तितक्या शांतपणे तिनं विचारलं, "मग ही बस कोठे जाते?"

"उचगाव."

"मला तेथेच जायचे होते," ती म्हणाली.

"कर्नाटकात बायकांना बस फुकट हाय. आधार हाय काय?"

तेजस्वीनं खिडकीबाहेर बघितलं. आईची आठवण झाली. "नाही," ती हळूच म्हणाली. "या शहरात मला कोणाचाही आधार नाही."

बसमधलं हसू एकदम विरलं. शेजारच्या बाकावर मांडीवर मोठं पातेलं धरून बसलेल्या मनुबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. "आई गं! लेकरू एकटंच हाय," त्या म्हणाल्या. "यमनाप्पा, गप तिकीट फाड. पैसे मी देतो." तेजस्वीनं पैसे पुढे केले, पण मनुबाईंनी तिचा हात दाबून खाली ठेवला. "कुठली गं तू?"

"मॉरिशस."

"मिरजेस! आमची नणंद मिरजेतच दिलीया. आज जेवायला येणार हाय. चल तू."

नाही म्हणायला वाव नव्हता, कारण तोवर पातेलं तेजस्वीच्या मांडीवर आलं होतं.

उचगावात देवीच्या आमराईत नवसाच्या जेवणासाठी जागोजागी चुली पेटल्या होत्या. झाडाझाडाखाली एकेक घर मटण शिजवत बसलं होतं. मनुबाईंच्या झाडाखाली त्यांचे म्हातारे दीर रवळूआप्पा, जाड चष्मा लावलेली नणंद मंगल, आणि पंधरा-वीस माणसं. मनुबाईंनी तेजस्वीला मंगलच्या शेजारी बसवलं. "तुमच्या मिरजेची हाय. आई-बाप न्हाईत बिचारीला."

"माझे आई-वडील आहेत," तेजस्वी म्हणाली, पण तोंडात भाकरीचा मोठा घास असल्यानं ते कुणाला ऐकू गेलं नाही.

"मिरजेत कुठं राहतीस?" मंगलनं विचारलं.

"आमचे घर समुद्रकिनारी आहे."

मंगलनं चष्मा वर केला. "चाळीस वर्सं हाय मी मिरजेत. समुद्र कुठं आलाय तितं?"

मग मोबाईल निघाला आणि नकाशा निघाला. निळ्या पाण्यात एवढासा ठिपका. पंधरा-वीस डोकी त्यावर वाकली.

"आणि मराठी कशी बोलतीस?" मंगलचा संशय अजून गेला नव्हता.

"माझे पूर्वज जहाजाने तेथे गेले. उसाच्या मळ्यात काम करायला."

रवळूआप्पांनी हातातलं नळीचं हाड खाली ठेवलं. त्यांनी सगळा जन्म उसात काढला होता. "ऊस तोडायला समुद्रापल्याड? अगं, हितं काय ऊस कमी हाय?"

सगळे हसले, तेजस्वीही हसली. आप्पा मात्र हसले नाहीत. "परत कोण आलतं काय?"

"नाही. मीच पहिली."

मनुबाईंनी तिच्या ताटात आणखी दोन फोडी घातल्या.

"आडनाव काय गं तुझं?" आप्पांनी विचारलं.

"सुकाजी."

"हे आडनाव न्हवं. हे माणसाचं नाव हाय. तुझ्या खापरपणज्याचं असंल. सायबानं नाव विचारलं, त्येनं सुकाजी सांगितलं, त्येच लिवलं. आडनाव ऱ्हायलं बोटीत."

तेजस्वीचा घास हातातच राहिला. हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. घरी कधी कुणी विचारलंही नव्हतं.

मग आमराईत तिच्या आडनावावर मोठा वाद माजला. कुणी म्हणे सावंत असणार, कुणी म्हणे परब. मनुबाईंना पाटील हवं होतं. "पाटील नगं," मंगल म्हणाली, "पाटील लई झालेत." शेजारच्या झाडाखालची माणसंही ताटं घेऊन मत द्यायला आली. शेवटी आप्पांनी हात वर केला. "पोरगी आपणहून परत आलीया. आडनाव सावकाश हुडकंल. तवर आमचं वापर म्हणावं."

"पण आपले आडनाव काय आहे?" तेजस्वीनं विचारलं.

"पाटील," आप्पा म्हणाले, आणि मंगलनं कपाळावर हात मारला.

संध्याकाळी ती खोलीवर पोचली तेव्हा हातात रश्शाचा डबा होता. आईचा व्हिडिओ कॉल आला. आईनं तिकडच्या शुद्ध मराठीत विचारलं, "बाळा, आज तू काय केलेस?"

"लई जेवले गं," तेजस्वी म्हणाली आणि डब्याचं झाकण उघडून कॅमेऱ्यासमोर धरलं.