स्प्रिंगा बदलल्या आणि मी बिघडले

मित्रांनो, मी एक जुनी, बुटकी, लाल मोटार आहे. माझ्या काचा काढलेल्या आहेत, दारं वेल्डिंगने कायमची बंद आहेत, आत शिरायचं ते खिडकीतून, आणि छताखाली लोखंडी नळ्यांचा पिंजरा आहे. रस्त्यावर उभी दिसले तर भंगारवाला चौकशी करील, असं माझं रूप. पण मी शर्यतीची गाडी आहे बरं का, आणि हे भाग्य मला ज्या घराने दिलं त्याचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी साधी घरगुती गाडी होते. आठ वर्षं एका डॉक्टरांना दवाखान्यात नेलं-आणलं. मग मी म्हातारी झाले असं ठरवून त्यांनी मला निंबाच्या झाडाखाली उभं केलं आणि विसरून गेले. माझ्या सीटखाली उंदरांचा संसार थाटला गेला. तिथून मला जळगाव जामोदच्या प्रेमानंदभाऊंनी उचललं. तालुक्यात त्यांच्यासारखा मिस्त्री नाही. त्यांनी मला शर्यतीसाठी उभं केलं आणि चाक दिलं आपल्या लेकीच्या, समताच्या, हातात.

आमच्या शर्यती मातीच्या ट्रॅकवर होतात, हिवाळ्यात, पाच फेऱ्यांच्या, म्हणजे हंगामात पाच वेगळ्या शर्यती आणि शेवटी गुणांची बेरीज. त्या वर्षी पाच फेऱ्या संपल्यावर एक मोठा संघ आमच्यातून एकच चालक निवडणार होता. समताला ती जागा हवी होती. उठता-बसता तिच्या डोक्यात तेवढंच. पहिल्या दोन्ही फेऱ्या तिने जिंकल्या, आणि मी तर हवेतच होते.

पण मागे पडलेले लोक आपापल्या गाड्यांना नवं काहीबाही बसवू लागले. भाऊंना चैन पडेना. माझ्या जुन्या स्प्रिंगा मऊ होत्या, सगळं पोटात घालणाऱ्या. भाऊंनी नव्या कडक स्प्रिंगा आणल्या. त्यांत प्रत्येक चाकाची उंची पेचाने वेगळी लावता येत होती. तिसऱ्या फेरीला दिवस होते जेमतेम बारा.

भाऊंची एक रीत होती. मीटर-बिटरवर त्यांचा भरवसा नाही. चाचणीला ते स्वतः समताच्या डाव्या बाजूला बसत, डोळे मिटून माझं अंग कसं हलतं ते पाहत, मग उतरून पेच फिरवत. शेजारच्या भगवानरावांच्या पडीक वावरात, म्हणजे शेतात, आम्ही अशा घिरट्या घातल्या. भाऊंचं वजन शंभराच्या वर आहे, हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. शेवटी ते म्हणाले, "आता लोण्यासारखी चालून राह्यली." खरंच चालत होते मी.

तिसऱ्या फेरीत आमचा नववा नंबर आला. उजव्या वळणावर माझं तोंड बाहेर पळे, डाव्या वळणावर मागची बाजू घसरे. भाऊंनी टायर बदलले. पेट्रोलची टाकीही सरकवली. ब्रेकलाही हात लावला. चौथ्या फेरीत अकरावा नंबर. आता नेमकं कशाने बिघडलं हे कोणालाच सांगता येईना, मलासुद्धा नाही.

"वावरात चांगली चालते अन् ट्रॅकवर काऊन नाही?" भाऊ म्हणाले. "तुह्या हाताले झालं तरी काय?"

"हात तोच आहे बाबा, गाडीतच काहीतरी चुकून राह्यलं," समता म्हणाली, पण भाऊ पाना शोधायला वळलेही होते. तिने हातमोजे काढले आणि तळहातांकडे बघत बसली. मला इतकं वाईट वाटलं मित्रांनो, की सांगता येत नाही.

शेवटच्या फेरीआधीच्या रविवारी समताची आई, महामायाबाई, डबा घेऊन वावरात आल्या. अंगणवाडीत शिकवतात, अंगाने अगदी काडी. म्हणाल्या, "तुम्ही उतरा थोडे. दोन वर्षं झाली, मले एकदा तरी बसू द्या."

भाऊ उतरले, बाई बसल्या. पहिल्याच उजव्या वळणावर माझं तोंड बाहेर पळालं. समताने गाडी थांबवली.

"बाबा," ती म्हणाली, "आई बसली तं गाडी शर्यतीसारखीच चालून राह्यली. शर्यतीत तुम्ही नसता ना."

भाऊंनी खाली बसून माझ्या चारही चाकांवरची उंची हाताने मोजली. माझा डावा खांदा वर उचललेला होता. पेच त्यांनी स्वतःचं वजन धरून लावले होते! जुन्या मऊ स्प्रिंगांना तेवढ्याने फरक पडत नव्हता, नव्यांना पडला. मग त्यांनी टायर, टाकी, ब्रेक, सगळं होतं तसं केलं. समता एकटी चालवत राहिली, भाऊ बांधावर उभे राहिले आणि ती सांगेल तेवढाच पेच फिरवत गेले.

पाचवी फेरी आम्ही जिंकली. पण एकूण गुणांत समता चौथी होती. त्या मोठ्या संघाकडून निवडीला आलेल्या सुचिता मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं, "तिसऱ्या-चौथ्या फेरीत काय झालं? मुलगी दबावाखाली ढेपाळते का?"

आजूबाजूला तालुक्या-तालुक्यांचे मिस्त्री उभे होते. भाऊंना त्यांच्यात मान होता. ते पुढे झाले.

"चूक माही होती," ते म्हणाले. "म्या गाडी माह्या वजनावर लावली अन् पोरीच्या हाताले दोष देला. तिचा हात पहिल्या दिवसापासून बरोबर होता."

मॅडमनी विचारलं, "आणि हे शोधलं कोणी?"

"पोरीनं."

मॅडम हसल्या. "आमच्याकडे वीस इंजिनियर आहेत. हंगामात नवा भाग बसवला की गाडी कारखान्यात पळते, ट्रॅकवर रुसते, आणि का ते कळेपर्यंत हंगाम संपतो. हिने हंगामातच शोधलं." त्यांनी कागदावर समताचं नाव लिहिलं.

समता आता त्या संघाकडे असते. मला करमत नाही, पण रडत मी नाही. मला निंबाखालून उचलणारे हात मिळाले, आणि चारचौघांत स्वतःची चूक सांगणारा मिस्त्री मिळाला. मित्रांनो, जुन्याला नवं जरूर जोडा, पण एका वेळी एकच. आणि ज्याच्या हातात ते द्याल तो म्हणाला की काहीतरी चुकतंय, तर त्याच्या हाताला बोल लावण्याआधी त्याचं पूर्ण ऐकून घ्या.