दगड ओला करून दाखवला

दगडोबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. ते बायकोनं ठेवलेलं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात नवरोबांनी खिडकीत सात दगड मांडले आणि त्यातला एक उचलून चक्क जिभेनं चाटला, तेव्हा ती कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं आई गं! कुठल्या दगडोबाशी गाठ मारली गं माझी!" नाव चिकटलं ते चिकटलंच. परवाने देणाऱ्या कचेरीतला शिपाईसुद्धा "दगडोबा आलेत" अशी आत वर्दी द्यायचा.

चाटण्यात वेडेपणा काही नव्हता, बरं का. कोरडा दगड मुका असतो. पाणी लागलं की त्याचा रंग उघडतो, धातूचा कण असेल तर चमकतो. जमिनीखाली धातू शोधणाऱ्या माणसांच्या हातात दगड आला की ती आधी तो ओला करतात. पाणी असलं तर पाणी, नाहीतर आपली थुंकी. विचार करून नाही करत. आपण गरम कपावर फुंकर मारतो ना, तसंच.

दगडोबाची कंपनी म्हणजे तो, एक भाड्याचं ड्रिलिंग मशीन, आठ माणसं आणि त्या आठांचे म्होरके मिस्त्री. खाणी काढणारे बडे लोक वेगळे. हे त्यांच्या आधी जाऊन उजाड माळावर भोकं पाडणारे. मशीन खाली जातं, मनगटाएवढ्या जाडीच्या दगडी कांड्या वर येतात. त्यांना कोअर म्हणायचं, लांबट पेट्यांत ओळीनं मांडायचं, एकेक तपासायचं. हजार भोकं पाडावीत तेव्हा कुठे एखादी खाण निघते. बाकीची नऊशे नव्याण्णव? बुजवा आणि घरी जा.

मग अशा उद्योगात पैसा घालतो कोण? तर दाताचे डॉक्टर. हसू नका, खरंच. दाताचे डॉक्टर, वकील, निवृत्त व्यापारी. दगडाशी त्यांना काय देणंघेणं? पण सरकारनं एक सवलत ठेवली होती: शोधात जेवढे घालाल तेवढ्यावर कर माफ. त्या सवलतीच्या जिवावर हा सगळा डोलारा उभा होता, आणि ती या वर्षाअखेर संपणार होती. वाढवायची की नाही ते एक समिती ठरवणार होती. वाढली नाही तर डॉक्टर मंडळी दुसऱ्या दिवशी पाठ फिरवणार, मशीन मालकाकडे जाणार आणि आठ माणसं उघड्यावर पडणार, हे दगडोबाला लख्ख ठाऊक होतं. त्याचं भोक चारशे बारा मीटरवर होतं. काही असलंच तर पाचशेच्या आसपास होतं.

शोधकंपन्यांची एक संघटना होती. झेरॉक्सच्या दुकानावर दोन खोल्या, आणि त्या चालवणाऱ्या सेक्रेटरीबाई. बारा वर्षं बाई याच एका सवलतीसाठी मंत्रालयाचे जिने झिजवत होत्या. समितीपुढे साक्षीला यंदा त्यांनी दगडोबाला निवडलं, कारण त्याच्याकडे बघितलं की माणूस खोटं बोलत असेल असं वाटत नसे.

"रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही तिथं रडायचंय. रिकाम्या भोकांबद्दल बोलायचं. अपयश, अपयश आणि अपयश. सोबत तीन कोअर आणा, सगळ्यात भिकार. काळा, कोरडा, कंटाळवाणा दगड. समजलं?"

"समजलं."

"चांगला तुकडा आणायचा नाही."

"बाई, मी काय लहान आहे?"

"लहान असता तर बरं होतं. लहानांना निदान दम देता येतो."

निघायच्या दिवशी माळावर दगडोबा पेट्यांतून भिकार दगड निवडत होता, तर मिस्त्री मागे येऊन उभे. पंचावन्नची उमर, मशीनच्या धडधडाटानं एक कान गेलेला. सव्वीस वर्षं ते दगडोबाबरोबर होते. हातात त्यांचा स्वतःचा टॉवेल, त्यात काहीतरी गुंडाळलेलं.

"तीनशे सत्त्याण्णव मीटरचा आहे," मिस्त्री म्हणाले. "घासूनपुसून लख्ख केलाय. बाकी बोलायचं कामच नाही साहेब. हा दाखवा नि या परत."

तो तुकडा दगडोबाला पाठ होता. वीतभर कांडी, तिच्यात तांब्याच्या खनिजाच्या पिवळ्याधमक शिरा. वर सगळा साधा दगड, खाली पंधरा मीटर साधा दगड. वीतभर तांब्यानं खाण होत नाही, हे मिस्त्रींनाही कळत होतं. पण चारशे बारा मीटरमध्ये हाताला लागलेलं तेवढंच. आणि या लोकांचा एक रिवाज असतो: पाहुणा आला की त्याला चांगली पेटी दाखवायची. कुठलंही माळरान घ्या, कुठलीही कंपनी, पाहुण्यापुढे भिकार पेटी कुणी ठेवत नाही.

"बाई नको म्हणाल्यात," दगडोबा म्हणाला.

"बाईंनी कधी मशीनला हात लावलाय?"

त्यानं टॉवेल पिशवीत ठेवला. दाखवायचा नाही, असं मनाशी पक्कं केलं. म्हाताऱ्याचं मन कशाला मोडा, एवढाच विचार.

समितीची खोली थंडगार. लांबलचक टेबल, प्रत्येकापुढे झाकणाचा पेला आणि एक माइक. मधोमध अध्यक्ष, डोळे अर्धे मिटलेले. त्यांच्या उजव्या हाताला एक चष्मेवाले सदस्य, कागदावर रेघा ओढत बसलेले. बाई दगडोबाच्या शेजारी फाइल घेऊन बसल्या.

दगडोबा छान रडला हो! पाठ केल्यासारखा नाही, मनापासून. तीन काळे कोअर टेबलावर मांडले. सव्वीस वर्षांतली रिकामी भोकं सांगितली, बंद पडलेल्या कंपन्या सांगितल्या. शोधावर कुणी खर्च केला नाही तर वीस वर्षांनी खाणी येणार कुठून, हेही सांगितलं. अध्यक्षांनी दोनदा मान हलवली. बाईंनी टेबलाखालून बोटानं खूण केली: बास, आता थांबा.

आणि तो थांबलाही होता. तेवढ्यात चष्मेवाल्यांनी पेन खाली ठेवलं.

"सव्वीस वर्षं," ते म्हणाले. "सव्वीस वर्षांत तुम्हाला मिळालं काय? हे तीन दगड?"

कुणीतरी हसलं.

"नाही, मी समजून घेतोय. श्रीमंतांचा कर वाचतो, तुमचा पगार निघतो, आणि जमिनीत भोकं पडतात. खाली काही असतं तरी का हो? का नुसताच खेळ?"

आता इथं गप्प बसायचं होतं. "नसतंच साहेब बहुतेक वेळा, म्हणून तर सवलत मागतोय," एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. बाईंनी ते उत्तर तीनदा घोकून घेतलं होतं. पण ते हसणं दगडोबाच्या काळजात घुसलं. पोटच्या पोराला कुणी बिनकामाचा म्हणावं, तसं झालं त्याला. चार महिने उन्हात उभे असलेले मिस्त्री आठवले. हात आपोआप पिशवीत गेला.

"नको," बाई पुटपुटल्या.

टॉवेल सुटला. कांडी टेबलावर आली. कोरडी होती, म्हणून थोडी मळकट दिसत होती. मग त्यानं आपल्या पुढ्यातल्या पेल्याचं झाकण काढलं आणि पाणी त्या दगडावर ओतलं.

चमकली की नाही ती! दिव्याखाली पिवळ्या शिरा अशा उजळल्या की अध्यक्षांचे डोळे पूर्ण उघडले. पाणी टेबलावरून त्यांच्या कागदांकडे ओघळलं तरी कुणाला भान नाही. कांडी या हातातून त्या हातात गेली. "अरे वा!" "जड आहे हो!" एका सदस्यानं फोटो काढला. आणि दगडोबा बोलत सुटला. ही शीर कुठून आली असेल, खाली तिचं मूळ कसं असेल, पाचशे मीटरवर काय असू शकेल. जन्मात कधी बोलला नव्हता इतकं सुंदर बोलला. 'असू शकेल' हा शब्द त्यानं प्रत्येक वाक्यात घातला होता. ऐकला कुणी?

कांडी फिरत फिरत चष्मेवाल्यांकडे आली. त्यांनी ती रुमालानं नीट पुसून परत दिली.

"अभिनंदन," ते म्हणाले. "एवढं असताना मग सरकारच्या मदतीची गरजच काय? बँका रांग लावतील तुमच्या दारात."

दगडोबानं तोंड उघडलं. खाली काही नाही म्हणावं तर सवलत कशाला, आणि आहे म्हणावं तरी कशाला? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. बाईंनी फाइलची दोरी बांधायला घेतली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बाहेर पायऱ्यांवर त्याला वाटलं, आता बाई फाडून खाणार. पण त्या पायरीवर बसल्या आणि चप्पल काढून टाच चोळू लागल्या.

"दरवर्षी कुणीतरी दगड काढतोच," त्या म्हणाल्या. "गेल्या वेळचा म्हणाला होता, शप्पथ घेतो. त्यानं खिशातून काढला. निदान आजवर पाणी कुणी ओतलं नव्हतं."

"चुकलं माझं, बाई."

"चुकलंच. पण तुम्ही गप्प बसला असता तरी त्यांनी दिली असती असं नाही हो. बारा वर्षं बघतेय मी. दरवेळी कशीबशी एक वर्ष वाढते, आणि दरवेळी मला कळत नाही, का वाढली."

यंदा वाढली नाही. नवव्या दिवशी अहवाल आला. दोन ओळींत विषय संपवला होता: समितीपुढे सादर झालेला नमुना पाहता हा उद्योग आता स्वतःच्या पायावर उभा राहू शकतो, सबब सवलतीस मुदतवाढ देण्याचं कारण दिसत नाही. ही ओळ छोट्या कंपन्यांच्या सगळ्या मालकांनी वाचली. त्यातल्या एकानं फोन करून विचारलं, "तो नमुना तुझा का रे?" हो म्हटल्यावर त्यानं शिवीसुद्धा दिली नाही, नुसता फोन ठेवला. संध्याकाळपर्यंत दाताच्या डॉक्टरांचंही सविनय पत्र आलं. सोमवारी मशीन न्यायला माणसं येणार, असं मशीनच्या मालकानं कळवलं.

बायकोनं त्याचं ताट वाढलं आणि समोर बसली. "अहो, मिस्त्रींना फोनवर नका सांगू," ती म्हणाली. "जाऊन सांगा. आणि खरं काय ते सांगा."

तो गेला. माळावर मशीन बंद होतं, माणसं पेट्यांवर बसून होती. सवलत गेल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं, कशी गेली ते नव्हतं. मिस्त्री उठून पुढे आले, चांगला कान त्याच्याकडे करून.

"दाखवलात का?"

वाटेत त्यानं सगळं जुळवलं होतं. पण त्या तोंडाकडे बघून सांगायचं कसं, की तुम्ही घासूनपुसून दिलेल्या तुकड्यानंच आपल्याला बुडवलं? आपल्यालाच नाही, सगळ्यांना?

"नाही," तो म्हणाला. "वेळच दिला नाही त्यांनी. पिशवीतच राहिला."

त्याला वाटलं, आता म्हातारा मटकन खाली बसेल. झालं भलतंच.

"म्हणजे बघितलाच नाही!" मिस्त्री ओरडलेच. मागे वळून त्यांनी सगळ्यांना हाळी दिली, "अरे ऐकलंत का? बघितलाच नाही त्यांनी! न बघता नाही म्हणालेत!" मग दगडोबाचा दंड धरून म्हणाले, "मग हरलो कुठे साहेब आपण? बघून नाही म्हणाले असते तर गोष्ट वेगळी. परत अर्ज करा. या खेपेला मी येतो बरोबर. तुम्ही भिडस्त, तुमच्यानं व्हायचं नाही ते."

"मिस्त्री, अहो, तसं नसतं..."

"थांबा, तेवढं एक उरकून येतो." मिस्त्रींनी खिशातून फोन काढला. "तो बोअरवेलवाला सकाळपासून जीव खातोय. त्याचा मिस्त्री गेला सोडून, मला विचारतोय. कायमची नोकरी देतो म्हणे, संध्याकाळपर्यंत हो की नाही सांगा. या वयात कोण विचारतंय, म्हणून मघापर्यंत हो म्हणणार होतो."

ते चार पावलं बाजूला गेले. ऐकू कमी येत असल्यामुळे फोनवर ते नेहमी मोठ्यानं बोलत. माळावर दुसरा आवाज नव्हता. "नाही जमायचं," ते सांगत होते. "नाही, नाही, आमचं काम चालू व्हायचंय. दुसरा बघा."

दगडोबा पुढे सरकला. एक पाऊल, दोन पावलं. हात वर केला. तोवर फोन खिशात गेला होता, आणि मिस्त्री हसत परत येत होते, कितीतरी दिवसांनी हसत.

"सांगून टाकलं त्याला नाही म्हणून," ते म्हणाले. "बरं केलं ना?"

"बरं केलंत," दगडोबा म्हणाला.