आकिबचं रक्त

बाविसाव्या नमुन्याचा आकडा बघून डॉ. तस्नीमला आधी हसूच आलं. क्रिएटिनिन शून्य पूर्णांक नऊ! क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला कचरा, किडनीनं बाहेर टाकायचा. डायलिसिसवरच्या माणसात तो सात-आठच्या घरात असतो. हे रक्त तर कुणा धडधाकट पोराचं दिसत होतं. मशीनचं डोकं फिरलं असेल म्हणून तिनं दोनदा तपासलं. आकडा जागचा हलला नाही, तेव्हा हसू मावळलं.

पेणच्या एका छोट्या डायलिसिस सेंटरमधल्या पेशंटांवर तिचं संशोधन चाललं होतं. किडनी गेलेल्यांचं रक्त वाहायला लागलं की लवकर का थांबत नाही, आणि त्यांच्यात ‘कावीळ ब’ शिरते कुठून, हे तिला शोधायचं होतं. दुसऱ्या प्रश्नानं तिचा जीव खाल्ला होता. वर्षभरात एकाच मशीनवरच्या दोघांना लागण झाली होती आणि आज तिसऱ्याचा निकाल तसाच आला होता. कागदोपत्री मात्र त्या मशीनवर कावीळवाला कुणीच नव्हता. अशा पेशंटला वेगळं मशीन लागतं, ते या सेंटरकडे नव्हतं, म्हणून कावीळ निघाली की पेशंट बाहेर. दर तीन महिन्यांनी बाहेरच्या लॅबमधून कावीळ नसल्याचा रिपोर्ट आणायचा, अशी पद्धत होती. त्याच रक्तातलं उरलेलं नंबर टाकून तस्नीमकडे यायचं.

तिनं नंबरामागचं नाव काढलं. सईद, वरसे गावचा. तिचा सख्खा मामा.

संध्याकाळी ती वरशाला पोचली. अमीनामामीनं पुढे ठेवलेल्या चहावर साय धरली तरी तिनं कपाला हात लावला नाही. मामूनं आधी कानांवर हात ठेवले, मग सगळं सांगून टाकलं. कुवेतला नोकरीत असताना शेवटच्या मेडिकलमध्ये, म्हणजे व्हिसासाठीच्या तपासणीतच, कावीळ निघाली होती, म्हणून तर तो परतला होता. ते गावात कुणाला कळू दिलं नाही. पुढे किडन्या गेल्या तेव्हा लॅबमध्ये आपल्या नावावर मुलाला, आकिबला, बसवलं. मेडिकलला एका भावाच्या नावावर दुसऱ्यानं रक्त द्यायला दंड पुढे केल्याचे किस्से मामूचे कुवेतचे दोस्त चवीनं सांगायचे. तीच अक्कल त्यानं इथं चालवली. तस्नीमला बापलेकांचा भयंकर संताप आला, आणि मामूचे सुजलेले पाय बघून रडूही.

“हे सेंटर सुटलं तर मी जायचा कुठं गो?” मामू म्हणाला. “आठवड्यातून तीनदा मुंबई? वाटेतच मरेन.”

“तुमच्या मशीनवर तिघं अडकले, मामू. त्यात काळुराम आहे.”

पेशंटचं नाव घ्यायला नको होतं, पण तोंडून निघून गेलं. काळुराम पेणच्या खाडीकाठचा, मिठागरात राबणारा. मामूच्या पाठोपाठ त्याची पाळी. सुई काढली की मामूचं रक्त थांबता थांबत नसे, तेव्हा सिस्टर येईपर्यंत हाच गडी कापूस दाबून बसायचा. त्याला लागली? मामूनं विचारलं. तिनं होकारार्थी मान हलवली, आणि उद्या सकाळी सेंटरला सगळं सांगणार असल्याचं सांगून उठली. मामीनं तिला दारापर्यंतही सोडलं नाही.

सकाळी मामू सेंटरवर आला, पण डायलिसिसच्या खुर्चीत बसला नाही. तस्नीमनं काळुरामला बाजूला घेऊन निकाल सांगितला तेव्हा मामू मागे भिंतीला धरून उभा होता. आपल्याला हे आलं कुठून, असं काळुरामनं विचारलं. ते सांगता येत नाही, असं ती म्हणते न म्हणते तोच मामू पुढे झाला.

“माझ्याकडनं आलं, काळुराम. रिपोर्टातलं रक्त माझं नव्हतं. आकिबचं होतं.”

काळुरामला पहिल्यांदा समजलंच नाही. समजलं तेव्हा त्यानं बायकोलाही तपासायला लागेल का, एवढंच विचारलं. लागेल, आणि नसेल तर लस देता येईल, असं तस्नीम म्हणाली.

“आनि मी? मलाबी आता हितं घेनार नाय ना?”

मामूची जागा जाणार म्हणून तस्नीम काल घरी जाईपर्यंत रडली होती. ज्यानं काहीच केलं नाही त्याचीही जागा तिच्याच कागदानं जाणार, हे तिला ठाऊक होतं, पण तिनं ते मनाच्या कोपऱ्यात ढकलून ठेवलं होतं. तिला स्वतःची लाज वाटली.

काळुरामनं मामूकडे एकदाही बघितलं नाही. खुंटीवरची पिशवी काढून त्यानं काखेला मारली आणि तस्नीमला म्हणाला, “यांना मुंबईला न्यायला गाडी कराल ना, मॅडम? मलाबी घ्या तिच्यात. फकस्त यांच्या बाजूला नको. पुढं बसवा.”