कुणालची सीट

माझं तोंड फाटकं हाय. माझी बायको कमळा लग्न झाल्यापासून हेच सांगत आलीय, आन् मी तेव्हापासून ऐकत न्हाय. पण त्या दिवशी सुवर्णावहिनीसमोर तरी गप बसलो असतो तर बरं झालं असतं.

मी हिरामण. राहनाळला माझं बॅटरीचं दुकान हाय, तीस वर्षं झाली. टेम्पो, ट्रक, गोडाऊनमधल्या फोर्कलिफ्ट, सगळ्यांच्या बॅटऱ्या माझ्या हाताखालून गेल्यात. सुभाष माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याच्या भातशेतीच्या जागेवर आता गोडाऊनची रांग उभी हाय. त्यातला एक गाळा त्यानं भाड्यानं दिला न्हाय, घरचं सामान ठेवायला ठेवला. त्याच गाळ्यात त्याच्या पोरानं, कुणालनं, ती पिवळी गाडी आणून ठेवली.

गाडी कसली, जमिनीला पोट टेकलेली. दोनच माणसं बसणार, तीबी पाय पसरून. ती चालवत न्हाय आणली, ट्रकवर चढवून आणली, तरी गाळ्याच्या उंबऱ्याला खालून घासली. मी म्हटलं, "अरे शहाण्या, आपले रस्ते बघितलेस का? कंटेनरची चाकं आत जातात, तिथं ही काय तरंगत जाणार?"

"काका, होतील की रस्ते कधीतरी," तो म्हणाला आन् हसला. सव्वीस वर्षांचं पोर, ताडमाड उंच. हसला की समोरचा रागवायचं विसरायचा. मीबी विसरलो.

गाडी उभीच राहणार म्हणून त्यानं मला बोलावलं. लोकांना वाटतं उभी गाडी झोपलेली असते. न्हाय. कुलूप, अलार्म, आतला कॉम्प्युटर, सगळं जागं असतं आन् घोट घोट करंट पीत बसतं. तीन आठवड्यांत बॅटरी मरते. म्हणून मी एक बारीक चार्जर कायमचा लावून दिला. पेशंटला सलाइन लावतात तसं. बॅटरी भरली की चार्जरवर हिरवा लाईट लागतो, उतरायला लागली की तो आपोआप पुन्हा भरतो. माणसानं काही करायचं न्हाय, फक्त अधूनमधून बघायचं.

तेव्हा कुणालनं मला एक गंमत दाखवली. त्याच्या चावीनं दार उघडलं की ड्रायव्हरची सीट घुंऽऽ करून सरकायची आन् बरोबर त्याच्या मापाला येऊन थांबायची. "आन् उतरताना बघा काका," म्हणून तो बसला, इंजिन बंद केलं आन् दार उघडलं, तर सीट पार मागं गेली. "उतरणाऱ्याला जागा करून देते." मी म्हटलं, माझी बायकोबी एवढी जागा देत न्हाय. दोघं किती हसलो.

मागच्या जूनमध्ये तो गेला. अंबाडीला मित्राकडं जायचं होतं. गाडी खड्ड्यांत घासंल म्हणून बाईक घेतली. खड्डा चुकवला आन् समोरून टँकर आला.

आमच्याकडं माणूस गेला की घरात दिवा लावतात. तेरा दिवस तो विझू द्यायचा न्हाय, रात्रंदिवस कुणीतरी तेल घालत बसतं. तेराव्याला दिवा उचलतात, म्हणजे गेलेला माणूस वाटंला लागला. सुवर्णावहिनी तेरा दिवस दिव्यापासून हलल्या न्हाईत. चौदाव्या दिवशी सकाळी सकाळी त्या माझ्या दुकानासमोर उभ्या. कुंकू लावायचंबी भान न्हाय, डोळे कोरडे.

"हिरामणभावजी, गाडीची बॅटरी उतरली तर ती कुणालची सीट विसरंल का?"

मी हातातलं काम करता करता बोलून गेलो, "विसरणार तर! करंट गेला की सगळंच विसरते ती. बॅटरी हाय तवर तो हाय."

'तोवर ती सेटिंग हाय' असं म्हणायचं होतं मला. पण बोललो ते बोललो.

झालं. त्या दिवसापासून बाईनं गाळा धरला. सकाळी जायची, संध्याकाळी जायची, मंग मधे घरी यायचीच बंद झाली. कुणालच्या चावीनं दार उघडायची. सीट घुंऽऽ करून त्याच्या मापाला यायची. मंग ही शेजारच्या सीटवर बसून राहायची. चार्जरसमोर एक फूल ठेवायची. घरातला दिवा उचलला, तर तिनं हा धरला. सुभाष एकदा माझ्याकडं येऊन ढसाढसा रडला. आग लावून मोकळा झालेला मीच.

मी महिन्या-दोन महिन्यांनी बॅटरी बघायला जायचो. कायम भरलेली. एकदा वहिनी म्हणाल्या, "भावजी, शुक्रवारी दिवसभर लाईट नव्हती, पण हा विझला न्हाय बघा."

"वहिनी, लाईट गेली की चार्जर बॅटरीतूनच करंट घेऊन तो दिवा लावतो," मी सांगितलं. "एक दिवस ठीक, पण असं फार दिवस चाललं तर तुमचा हा दिवाच बॅटरी खाऊन टाकंल."

त्यांनी ऐकलं असं मला वाटलं न्हाय. त्या दिव्याकडं बघत होत्या.

मंग जानेवारीत प्राजक्ता आली. सुभाषची पोरगी, अकलोलीला दिलेली. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आलेली, आठवा भरत आलेला. पोट सांभाळत दुकानाची पायरी चढली, स्टुलावर बसली आन् सरळ माझ्यावर जाळ काढला.

"काका, बॅटरी आहे तोवर तो आहे, असं तुम्ही सांगितलं होतंत ना आईला?"

"अगं, मला तसं म्हणायचं नव्हतं..."

"आल्याला बारा दिवस झाले. आईनं मला एकदा विचारलं नाही, जेवलीस का म्हणून. बाबा भात लावतात आणि मी गिळते. दादा गेला, कबूल. पण मी मेले का? बाळ होईल तेव्हा ती त्या गाळ्यातच बसणार का?" तिनं पोटावर हात ठेवला. "तुम्हीच लावलंय, आता तुम्हीच काढा. मरू दे ती बॅटरी."

मला माझीच लाज वाटली. मी म्हटलं, "काढतो पोरी. बोर्डावरचं बटण गुपचूप बंद करतो. पंधरा दिवसांत बॅटरी आपोआप बसंल. तिला वाटंल जुनी झाली, गेली." आता ही फसवणूकच, मला कळत नव्हतं असं न्हाय. पण दुसरं काही सुचंना.

दुपारी तीनला आम्ही दोघं गाळ्यात गेलो. बाहेर कंटेनर खाली होत होता, हमाल हिंदीत एकमेकांवर ओरडत होते. आत शिरलो की ते आवाज लांब गेल्यासारखे वाटायचे. वहिनी शेजारच्या सीटवर बसलेल्या, डोळे मिटलेले. चार्जरचा दिवा हिरवागार. मी प्राजक्ताला दारातच थांबवलं आन् मागच्या भिंतीशी गेलो. बोर्ड जुन्या कपाटामागं होता. हात घालून बटण बंद केलं. सवयीनं टेस्टर लावला, खात्री करायला. मंग टेस्टरच बिघडलेला न्हाय ना, हे बघायला बटण पुन्हा चालू करून लावला.

टेस्टर पेटलाच न्हाय.

मोबाईलचा उजेड टाकला. बोर्डाला येणारी वायर घुशींनी मधूनच कुरतडून तोडली होती. दोन टोकं वीतभर लांब लोंबत होती. तांब्यावर हिरवा गंज चढलेला. आन् त्या दोन टोकांच्या मधे कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेलं, तेबी आता रिकामं, फुटकं, जाळ्यांनी भरलेलं. घुशी गाळ्यात शिरल्या होत्या गणपतीच्या पावसात. मीच तेव्हा सुभाषला औषध टाकायला सांगितलं होतं. म्हणजे चार महिने झाले, या बोर्डात करंटच नव्हता.

मी तसाच मागं फिरलो आन् चार्जर बघितला. हिरवा.

गाडीचं पुढचं झाकण उघडून मीटर लावला. बारा पॉइंट आठ. भरलेली. चार महिने तो दिवा बॅटरी खातोय, रोज दोनदा दार उघडतंय, रोज सीट सरकतेय, आन् बॅटरी काल भरल्यासारखी भरलेली. तीस वर्षांत मी असं बघितलेलं न्हाय. मीटर बदलला, दुसरा लावला. बारा पॉइंट आठ. बॅटरीला हात लावला तर ती कोमट लागली, माणसाच्या अंगाएवढी.

पळून जावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू? पण दारात पोटुशी पोर उभी होती. आन् मला एकदम वाईट वाटलं, भीतीपेक्षा जास्त वाईट. तो हसरा पोरगा डोळ्यांसमोर आला. आई रोज येते, म्हणून हा रोज हजर.

मी वहिनींच्या बाजूला जाऊन खाली बसलो. आयुष्यात पहिल्यांदा शब्द जपून बोललो.

"वहिनी, एक खरं सांगतो. त्या बोर्डात लाईट न्हाय. गणपतीपासून न्हाय. वायर तुटलीय. या, डोळ्यांनी बघा."

त्या उठल्या, कपाटामागं वाकून बघून आल्या. मंग दिव्याकडं बघितलं. "मंग हा कशावर चाललाय?"

"ते माझ्या शिक्षणात बसत न्हाय. पण तुम्हाला वाटत होतं, तुम्ही त्याला जपताय. तसं न्हाय. चार महिने तो तुम्हाला जपतोय. तुम्ही येता म्हणून जागतोय."

बाहेर कंटेनरचं दार धाडकन आपटलं. वहिनींनी हात पुढं करून ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटवर ठेवला, ताप बघतात तसा.

"दमला असंल माझा लेक," त्या म्हणाल्या.

आन् मंग सात महिन्यांत न रडलेली बाई रडली. सीटच्या पाठीला तोंड लावून रडली. प्राजक्ता दारात रडत होती. मी दोन्ही गुडघ्यांत मान घालून बसलो होतो. माझंबी काही वेगळं चाललेलं नव्हतं.

मंग त्यांनी पदरानं तोंड पुसलं, बॅटरीपाशी आल्या, विचारलं, "कुठला काढायचा?" मी बोटानं दाखवलं. त्यांनी स्वतःच्या हातानं चार्जरच्या वायरीचा पहिला चिमटा काढला, मंग दुसरा. हिरवा दिवा विझला. चार्जरसमोरचं फूल त्यांनी उचलून ओटीत घेतलं.

मी पाना लावून गाडीच्या वायरींची दोन्ही टोकं सोडवली, बॅटरी उचलून बाहेर काढली आन् गाडीपासून चार पावलं लांब, जमिनीवर ठेवली. सवयीनं मीटर लावला. दोन पॉइंट एक. मेलेली. आत्ताची न्हाय, महिनोन्महिने मेलेली, टोकांवर पांढरी बुरशी चढलेली. काढताना ती बुरशी तिथं नव्हती, शपथ घेऊन सांगतो. आन् हाताला गार.

"उद्या टेम्पो आणून घेऊन जातो," असलं काहीतरी मी बोलत होतो. तेवढ्यात आवाज झाला.

घुंऽऽ.

गाडीत बॅटरी न्हाय. वायरी मोकळ्या लोंबतायत. आन् ड्रायव्हरची सीट सरकत होती. हळूहळू, पार मागं, टोकाला जाऊन टेकली आन् थांबली. उतरणाऱ्याला जागा करून दिल्यासारखी. दोन्ही दारं उघडीच होती. माझ्या उजव्या बाजूनं थोडी हवा हलली, बस, तेवढंच.

प्राजक्ता दारातून कधी आत आली कळलं न्हाय, तिनं माझा दंड घट्ट धरला होता. तिची नखं रुतत होती.

वहिनी घाबरल्या न्हाईत. गाळ्याच्या उघड्या शटरकडं, बाहेरच्या उन्हाकडं बघत राहिल्या, कुणाला तरी वळणापर्यंत पोचवताना बघावं तसं. मंग त्यांनी गाडीचं दार हळूच लावलं.

"उतरला," त्या म्हणाल्या.

आन् वळून, पहिल्यांदाच दिसल्यासारखं, पोरीच्या चेहऱ्याकडं बघितलं, मंग तिच्या पोटाकडं.

"प्राजू, किती वाळलीस गं," त्या म्हणाल्या. "जेवलीस का?"